सारजाबाईवरचा आळ

१

पूर्णा जंक्शनवर टीसी विजयमालाच्या तावडीतून फुकट्या सुटल्याचं कुणाला आठवत नाही. त्या शनिवारी मात्र एक सुटला. बिनतिकिटाचा, वर तोंड करून बोलणारा चांगला जाडजूड इसम तिनं फलाटावर अडवला होता आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. पेडगावहून भावजय बोलत होती, राणी. पुढच्या मिनिटाला तो इसम जिना चढून गेलासुद्धा.

"वन्सं, मामंजी परत पडले. हौदापाशी. तोंडातून नुसती लाळ, उलट्या, घामानं सदरा निथळायलाय. परभणीला नेलंय."

"शुद्धीवर हायत का?"

"आता हायत म्हणं. आन् वन्सं..." राणीचा आवाज एकदम खाली आला. "ह्यांनी गाडी सांगितलीय. उद्या दुपारी आत्याबाईला आश्रमात नेऊन सोडायलेत. लातूरच्या पलीकडं कुठंतरी. तुमाला सांगू नको म्हणले, पण माझ्यानं राहवंना."

विजयमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई सारजाबाईला अल्झायमर होऊन तीन वर्षं झाली होती. नवरा, मुलं, दिवस, सण, सगळं एकेक करून पुसत चाललं होतं. गेल्या पावसाळ्यात तिनं वरणात मीठ समजून युरिया टाकला. राणीनं वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं, पण ती गोष्ट गावभर झाली. मग दत्तजयंतीच्या सुमाराला वडील, मुंजाजी अण्णा, पहिल्यांदा पडले. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, फवारणीच्या औषधासारखं काहीतरी अंगात गेलंय. झालं! गावानं तिथल्या तिथं निकाल लावला की म्हातारीनं चहात फवारा ओतला. जमादार येऊन अण्णांचं बयान घेऊन गेला. अण्णा म्हणाले, मला कुणीच काही दिलं नाही. धाकट्या भावानं, भारतनं, फवाऱ्याच्या सगळ्या बाटल्या शेतातल्या खोलीत कुलपात घातल्या आणि किल्ली करगोट्याला बांधली. तरीही संक्रांत होते न होते तोच अण्णा आज परत पडले होते.

ती साहेबांपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दोन दिवस सुट्टी पाहिजे."

"आज? माणसं कुठायत? मंजूर होणार नाही."

"मग नामंजूर करून ठेवा," विजयमाला म्हणाली, आणि परभणीच्या गाडीत जाऊन बसली. आईला ह्या वयात घराबाहेर काढणार? बघतेच कोण काढतं ते, असं ती रस्ताभर मनात म्हणत होती.

२

दवाखान्यातल्या डॉक्टर मनिषा तरुण होत्या आणि आडवळणानं बोलत नव्हत्या.

"आणलं तेव्हा नाडी अडतीस होती. लाळ, घाम, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या. सगळी लक्षणं फवाऱ्याची. रक्ताची तपासणीही मागच्यासारखीच आली."

"आणि आता?"

"झपाट्यानं सुधारतायत. मागच्या वेळीही असेच सुधारले होते. खरं सांगू? मलाही ते थोडं खटकतंय."

"त्यांची स्वतःची औषधं कोणती?"

"बीपीची एकच. ठोके हळू ठेवणारी गोळी, गेल्या वर्षापासून. नाडीच खाली आल्यामुळं ती मी सध्या बंद ठेवलीय."

आत सविता सिस्टर सलाईन बदलत होत्या. विजयमाला मुलगी आहे म्हटल्यावर त्यांनी तक्रारींचं गाठोडंच सोडलं. "लय हट्टी हायत बाई तुमचे वडील! फवाऱ्याची केस म्हणलं की आमाला कपडे काढून सगळं अंग धुवावं लागतं. ह्यांनी सदऱ्याला हात लावू दिला तर शपथ. पाठीवर दुखण्याची प्लास्टरं चिकटवलेली, ती काढली तर माझ्याशी भांडले. मागच्या बारीलाबी तसंच केलं त्यांनी."

अण्णा उशीला टेकून बसले होते. चेहरा उतरला होता, पण नजर ठिकाणावर होती. विजयमालानं त्यांच्या पायाला हात लावला.

"अण्णा, कुणी काय दिलं तुमाला?"

"कुणीच न्हाई, ईजे."

"सकाळी काय खाल्लं?"

"राणीनं केलेली भाकर. सगळ्यांनी खाल्ली."

"मग हौदापाशी काय करायला गेला होतात?"

अण्णांनी तोंड भिंतीकडं केलं. वीस वर्षांच्या टीसीगिरीत विजयमालानं माणसांच्या दोन जाती पाहिल्या होत्या. खोटं बोलणारा विचारल्यापेक्षा जास्त सांगतो, लपवणारा विचारलं तेवढंही सांगत नाही. अण्णा खोटं बोलत नव्हते. ते काहीतरी लपवत होते.

"अण्णा, भारत उद्या मायला आश्रमात न्यायलाय."

म्हातारा ताडकन उठला. सलाईनचा दांडा पडता पडता सविता सिस्टरांनी धरला. "कुणाला इचारून? त्याला सांग, मी मेलो तरी ती घरातून हलायची न्हाई!"

"मग सांगा ना, हौदापाशी काय चालतं?"

अण्णांनी बोलायला तोंड उघडलं. क्षणभर वाटलं, आता सांगतात. पण ते पुन्हा आडवे झाले आणि डोळ्यांवर हात घेऊन म्हणाले, "ते लेकीला सांगण्यासारखं न्हाई."

३

विजयमाला पेडगावला उतरली तेव्हा उन्हं कलली होती. घरी सारजाबाई दारात पाय पसरून शेंगा फोडत बसली होती. दाणे एका बाजूला, टरफलं दुसऱ्या बाजूला, हात बिनचूक चालले होते.

"माय, मी आले."

सारजाबाईनं मान वर केली. "या मास्तरीणबाई, बसा. पोरं शाळेत येत न्हाईत व्हय? माझी ईजा तर रोज येती."

दर खेपेला विजयमाला तिला कुणी नवीच वाटायची. विजयमालानं पदरानं डोळे पुसले आणि थेट स्वयंपाकघर गाठलं. तिची माया एका जागी आणि संशय एका जागी, आणि संशयाच्या यादीत तिनं राणीलाही ठेवलं होतं. चोवीस तास सासूचं करून करून बाई कावली, आणि सासऱ्याला विष घालून आळ सासूवर ढकलला, असं का नसावं?

"चहा कोण करतं?"

"मीच. गॅसची टाकी पावसाळ्यापासून मी बंद करून ठेवते. आत्याबाई चुलीपाशी येत न्हाईत, येऊच देत न्हाई मी."

"अण्णांचं ताट वेगळं काढतीस?"

"एकाच पातेल्यातलं समदे जेवतो. वन्सं..." राणीनं हातातली पळी खाली ठेवली आणि कमरेवर हात घेतले. "सरळ इचारा की, राणी, तू घातलं का इख म्हणून. गावबी इचारतंच हाय मागून. मी घालायचं असतं तर तुमाला फोन केला असता का?"

विजयमालाला ही भावजय एकदम आवडून गेली. ती म्हणाली, "बरं, न्हाई इचारत. मायच्या औषधाचं सांग."

राणीनं सांगितलं. आधी गोळ्या होत्या, सारजाबाई त्या थुंकून टाकायची. म्हणून मेंदूच्या डॉक्टरांनी चिकटवायचं औषध दिलं होतं, अंगाच्या रंगाची रुपयाहून थोडी मोठी गोल पट्टी. रोज सकाळी आंघोळ झाली की राणी जुनी काढायची आणि नवी लावायची. तीही वर पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, म्हणजे म्हातारीचा हात पोचू नये. खोका ट्रंकेत कुलपाखाली होता. विजयमालानं तो उघडून मोजून पाहिला. एकही पट्टी कमी नव्हती.

चहात नाही, ताटात नाही, खोक्यातलं काही गेलं नाही, फवारा शेतात कुलपात. मग विष आलं कुठून? ती उंबऱ्यावर बसून विचार करत असताना मोटारसायकल थांबली. भारत आला होता, आणि बहिणीला बघून त्याचा चेहरा पडला.

४

"आक्का, तू मधी पडू नको."

"का? ती तुझीच माय हाय, माझी न्हाई?"

"माझा बाप दोनदा मरता मरता वाचला!" भारतचा आवाज फाटला. "तू पूर्णेला असतीस. त्यांना उचलून गाडीत मी घातलं. त्यांच्या तोंडाचा फेस माझ्या हाताला लागला. तिसऱ्या बारीला वाचले न्हाई तर?"

विजयमालाला पहिल्यांदाच कळलं की भाऊ वाईट नाही, घाबरलेला आहे. पण घाबरलेल्या माणसाशी बोलणं जास्त अवघड, कारण त्याला कुणीतरी दोषी हवाच असतो.

"फवारा कुलपात घातलास न्हवं? किल्ली कुणाकडं?"

"ही बघ." त्यानं करगोट्याची किल्ली दाखवली.

"मग कुलूप घातल्यावर कसे पडले?"

"मायनं आधीच कुठं लपवून ठेवला असंल."

"कुठं? तिला पाच मिनिटांपूर्वी जेवली का ते आठवत न्हाई आन् लपवलेली बाटली महिन्यानं आठवती व्हय रे?"

भारतनं किल्ली परत आत खोचली. मग हट्टानं म्हणाला, "ते मला माहीत न्हाई. रक्तात दिसलंय. गाडी उद्या बाराला येणार, मी सकाळीच आणायला चाललो. बस्स."

घराच्या मागच्या बाजूला पाण्याचा हौद, आणि हौदाला लागून चंद्रभानकाकांची भिंत. हा अण्णांचा चुलतभाऊ. दोघांत शेताच्या बांधावरून दहा वर्षांचं वैर, कोर्टात तारखा चालू. विजयमालानं त्याला भिंतीवरूनच हाक मारली.

"काका, दत्तजयंतीला अण्णा पडले तेव्हा तुमी कुठं व्हता?"

"आलीस का माझ्यावर? मला वाटलंच!" चंद्रभान खवळला. "वालूरला व्हतो, लेकीच्या घरी बारसं व्हतं. सगळं वालूर सांगंल. आन् ऐक, भांडायचं तर मी कोर्टात भांडतो. मुंजाजी मेला तर तारखेला जाऊन मी भांडू कुणाशी?"

विजयमालाला हसू आलं आणि विश्वासही बसला. "मग तुमाला काय दिसतं ते सांगा. भिंत तर तुमची."

चंद्रभाननं आवाज खाली आणला. "रोज सकाळी उन्हात दोघं बसतेत इथं. तुझा बाप सदरा काढून बसतो. मी डोकावलो की सदरा वढून घेतो, नव्या नवऱ्यासारखा लाजतो म्हातारा! आन् एक सांगतो. तू म्हणतीस पडले, पण ते एकदम न्हाई पडले. चार-सहा रोज आधीपासून चाललं व्हतं. पहिल्यांदा नुसतं मळमळायचं, मग लाळ, मग घाम. रोज थोडं थोडं वाढत गेलं."

फवारा प्यालेला माणूस तासाभरात आडवा होतो. रोज थोडं थोडं वाढत जाणारा हा फवारा कुठला?

५

रविवारी भारत उठून गाडी आणायला मानवतला गेला. विजयमाला मात्र सकाळपासून आईच्या सावलीसारखी मागं होती. आज तिनं कुणाला काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. नुसतं बघायचं.

राणीनं सारजाबाईला आंघोळ घातली, वेणी घातली, पाठीवरची जुनी पट्टी काढली, नवी लावून तळव्यानं दाबली. जुनी फेकायला वळली तशी सारजाबाईनं हात पुढं केला, लहान मुलानं खाऊ मागावा तसा. राणीनं पट्टी तिच्या हातावर ठेवली.

"हे गं काय?" विजयमाला म्हणाली.

"न्हाई दिली तर रडतात, वन्सं. खेळतात काय त्या पट्टीशी अन् कुठंतरी टाकून देतात. औषध उतरलेली पट्टी, काय बिघडतंय म्हणून मी देते."

सारजाबाई पट्टी तळहातावर जपून धरून निघाली. ओसरी ओलांडली, मागचं दार उघडलं, हौदाला वळसा घातला. उन्हात एक दगड होता, त्याच्या मागं ती उभी राहिली. दगड रिकामा होता. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. चेहरा कावराबावरा झाला.

"माय, कुणाला बघायलीस?"

"ह्यांना." तिचा आवाज वेगळाच होता. तरण्या बाईचा. "कुठं गेले की? टोळी निघंल आता. रातच्याला झोप न्हाई ह्यांना, पाठ लय ठणकती. ऊस तोडायचा म्हणजे पाठीचा भुगा व्हतो, बाई. ही लावली की बरं वाटतं त्यांना."

विजयमाला जागच्या जागी खिळली. माय-अण्णांनी लग्नानंतरची सहा-सात वर्षं कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर काढली होती. रात्री खोपीत माय अण्णांची पाठ शेकायची, हे तिनं लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. मायचं बाकी सगळं पुसलं गेलं आणि तेवढं शिल्लक राहिलं होतं. ह्या भागात प्लास्टर म्हणजे दुखण्याचं. जिथं ठणकतं तिथं लावायचं. डोक्याचं औषध कुणी पाठीला चिकटवतं, हे तिच्या आईला कुठून माहीत असणार? माहीत असतं तरी आठवणार कुठून?

तिच्या डोळ्यांपुढं सविता सिस्टर उभ्या राहिल्या. पाठीवर दुखण्याची प्लास्टरं. आणि अण्णांनी तर जन्मात कधी प्लास्टर विकत घेतलं नव्हतं. ते तेलाचे आणि विटेच्या शेकाचे भोक्ते.

तिनं आईच्या तळहातावरची पट्टी अलगद उचलली, कागदात गुंडाळली आणि राणीला हाक मारली. "मी परभणीला चालले. भारतला फोन लावायलेय, तो उचलंना. मी येईपर्यंत मायला कुणी हात लावायचा न्हाई."

राणीनं पदर खोचला. "माझ्या अंगावरून गाडी घालावी लागंल त्यांना."

६

"मॅडम, हे औषध एका माणसाच्या अंगावरून काढून दुसऱ्याच्या अंगावर लावलं तर?"

डॉक्टर मनिषांनी पट्टी हातात घेतली, उलटी करून बारीक अक्षरं वाचली, आणि खुर्चीत ताठ बसल्या. "ही वडिलांच्या पाठीवर होती?"

"एक नाही. रोज एक. जुनी न काढता."

डॉक्टरांनी अण्णांचा केसपेपर पुढं ओढला. मग एकेक सांगत गेल्या, आणि विजयमालाच्या डोक्यातली कडी कडीला लागत गेली. हे औषध कातडीतून रक्तात जातं. दिवसभर लावून काढलेल्या पट्टीतही जवळजवळ निम्मं शिल्लक असतं. म्हणून वापरलेली पट्टी दुमडून, चिकट बाजू आत करून टाकायची असते. सारजाबाईला ते हळूहळू वाढवत नेलं होतं, अण्णांना त्याची सवय नव्हती. शिवाय अण्णांची ठोके हळू करणारी गोळी चालू होती.

"दोन्ही औषधं हृदयाला एकच सांगतात, हळू चाल. एकट्या गोळीनं त्यांचं चांगलं चाललं होतं. एकट्या पट्टीनं कदाचित उलटी-मळमळीवर भागलं असतं. दोन्ही एकत्र आली आणि पट्ट्या साठत गेल्या, म्हणून नाडी खाली आली आणि ते पडले. इथं आम्ही पट्ट्या काढल्या, गोळी थांबवली, की सुधारले. घरी गेले, गोळी चालू, पट्ट्या चालू, पुन्हा पडले."

"पण रक्तात फवारा दिसला त्याचं काय?"

"त्या तपासणीत विष दिसत नाही, ताई. विषानं केलेलं काम दिसतं. फवाऱ्याचं औषध आणि हे औषध शरीरातली एकच गोष्ट अडवतात. त्यामुळं कागदावर दोन्ही सारखीच दिसतात." त्यांनी कपाळाला हात लावला. "मी त्यांना त्यांची औषधं विचारली. बायकोची विचारली नाहीत. विचारायला हवी होती."

विजयमाला वॉर्डात गेली आणि अण्णांच्या पलंगावर बसली.

"अण्णा, मला कळलंय. पट्टी माय लावायची."

म्हातारा दचकला. चोरी पकडल्यासारखं इकडंतिकडं पाहिलं. मग नजर खाली घालून, कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलायला लागला.

"ती मला वळखत न्हाई, ईजे. दिसभर राणीला इचारती, ह्यो म्हातारा कोण, घरी का जात न्हाई? लय लागतं गं मनाला. सकाळी तेवढं हौदामागं येती, पाठीवर हात फिरवती अन् मला 'अवो' म्हणती. 'अवो, लय दुखती का?' तेवढ्यासाठी मी रोज पाठ पुढं करायचो. पट्टी सुटायला लागली तर वरून दाबायचो. तिनं लावलेली मी कशी काढू? आन् हे लेकासुनंपुढं सांगू कसं, ह्या वयात?"

विजयमाला रडली. मग नाक पुसून तिनं सगळं सांगितलं, पट्टीत काय होतं आणि गोळीनं काय केलं ते. अण्णा ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे तिच्यावर इखाचा आळ माझ्या गप्प बसण्यानं आला व्हय?"

ती उत्तर द्यायच्या आत ते पलंगावरून उतरून चपला शोधायला लागले होते. डॉक्टरांनी नाडी पाहिली, नाइलाजानं मान डोलावली, गोळी बंद ठेवायला सांगितली आणि दोन दिवसांनी परत यायच्या बोलीवर सोडलं.

७

जीप दारात उभी होती. निम्मं गाव जमलं होतं. राणी उंबऱ्यावर दोन्ही हात चौकटीला लावून उभी, आणि तिच्यापुढं भारत, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता. सगळ्यात वाईट म्हणजे सारजाबाई. ती मधेच राणीच्या हाताखालून निसटून जीपमध्ये जाऊन बसली होती, मांडीवर बोचकं घेऊन. भाऊ माहेरी न्यायला आलाय अशी तिची समजूत होती, आणि ती खुशीत होती.

रिक्षातून अण्णा उतरले तशी गर्दी मागं सरली.

"तुमी कशाला आलाव?" भारत धावला. "डॉक्टरनं सोडलं कसं?"

"फवारा नव्हता, भारत," विजयमालानं ठणकावून सांगितलं, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. "मायच्या औषधाची उतरवलेली पट्टी अण्णांच्या पाठीवर व्हती, आन् त्यांची बीपीची गोळी चालू व्हती. ती दोन औषधं एकमेकांत मिळाली आन् त्यांनी अण्णांना पाडलं. कुणी कुणाला इख घातलं न्हाई."

"पट्टी पाठीवर गेली कशी?" भारतनं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला कळलं. "म्हणजे मायनंच..."

"व्हय, तिनंच," अण्णा म्हणाले.

ते जीपपाशी गेले आणि एक हात दांडीला धरून गावाकडं वळले. आयुष्यात चारचौघांत बायकोचं नाव न घेतलेला माणूस. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण आवाज हलला नाही.

"माझ्या बायकूनं माझी पाठ दुखती म्हणून औषध लावलं. सगळं इसरली, तेवढं इसरली न्हाई. त्याला तुमी इख म्हणलाव. आता नीट ऐका. उद्यापासून ती नुसतं तेल लावंल, आन् मी रोज पाठ पुढं करणार. कुणाला हसायचं त्यानं भिंतीवरून खुशाल हसावं. चंद्रभान, तूबी."

चंद्रभान गर्दीच्या कडेला उभा होता. त्यानं टोपी काढून खाली पाहिलं.

अण्णा जीपमध्ये चढून सारजाबाईशेजारी बसले. "चल रे ड्रायव्हर. जिथं हिला सोडायचं तिथं मलाबी सोड."

ड्रायव्हर भारतकडं बघायला लागला. भारत जागच्या जागी खाली बसला. मग गुडघ्यांवर सरकत जीपपाशी गेला आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. सारजाबाईनं बोचकं बाजूला ठेवलं. ती गोंधळली होती. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला.

"कुणाचं लेकरू हाय हे? कुणी मारलं रे तुला?"

भारतनं वर पाहिलं. तोंड ओलं झालं होतं. "आक्का, तिला काहीच कळंना गं. माफी मागितली तरी उद्या इसरणार ती."

"मग उद्या परत माग," विजयमाला म्हणाली.